‘विष आढळले नाही’ : एका पुणेरी खटल्याचे कागद

नोव्हेंबर १९५६ मध्ये मुंबईत एका बेवारस ठरलेल्या बाईचे शवविच्छेदन झाले. व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी राखलेले अवयव, मुंबई सरकारच्या रासायनिक विश्लेषकाकडे गेला आणि तिकडून उत्तर आले की विष आढळले नाही. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात मधुमेहाने आलेली बेशुद्धी लिहिली. तीन वर्षांनी, १४ डिसेंबर १९५९ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने याच मृत्यूबद्दल पुण्याच्या एका डॉक्टरची फाशी कायम केली, आणि तीही विषप्रयोगाने खून केल्याच्या आरोपावरून. कोणते विष, किती, कोणत्या वाटेने शरीरात गेले, याबद्दल निकालपत्रात एकही ठाम वाक्य नाही.

खटल्याचे नाव अनंत चिंतामण लागू विरुद्ध मुंबई राज्य. कायद्याच्या विद्यार्थ्यांना तो परिस्थितिजन्य पुराव्याचा धडा म्हणून शिकवतात. पुढचे कथन मुख्यतः त्या निकालपत्राच्या आधाराने केले आहे. निकालपत्र हा इतिहास लिहिणाऱ्याला जपून वापरावा लागणारा कागद असतो. ते लिहिणाऱ्याचा निष्कर्ष आधीच ठरलेला असतो आणि हकीकत त्या निष्कर्षाकडे उतरत जाईल अशी मांडलेली असते. इथे एक सोय आहे. तिघा न्यायमूर्तींपैकी एकाने भिन्नमत नोंदवले, त्यामुळे तीच कागदपत्रे दोन वेगळ्या नजरांनी वाचलेली आपल्याला मिळतात. जिथे दोन्ही मते एकाच तपशिलावर येतात तिथे पाय टेकवायला हरकत नाही.

नारायण पेठेतून लक्ष्मी रस्ता ओलांडून मंडईच्या रोखाने चालत गेले की थोड्याच वेळात शुक्रवार पेठ लागते. तिथल्या एका घरात लक्ष्मीबाई कर्वे राहत होत्या. माहेरचे नाव इंदुमती, माहेरचे आडनाव पोंक्षे. १९२२ साली अनंत रामचंद्र कर्वे यांच्याशी त्यांचे लग्न झाले. कर्व्यांचे हे दुसरे लग्न. व्यापारात त्यांनी बऱ्यापैकी पैसा मिळवला होता. १९४५ साली ते गेले. शेवटच्या आजारात त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांत अनंत लागू आणि त्यांचे भाऊ होते. लागूंचा या घराशी संबंध जडला तो असा, कुटुंबाचे डॉक्टर म्हणून.

पतीच्या मृत्युपत्राप्रमाणे लक्ष्मीबाईंना घरात राहण्याचा हक्क होता आणि घरभाड्यातून दरमहा पोटगी होती. त्याशिवाय दागिने, शेअर आणि आईकडून वारसाने आलेली रक्कम त्यांच्या नावावर होती. १९५४ मध्ये धाकटा मुलगा वारला, त्याचा वाटाही पुढे त्यांच्याकडे आला. थोरल्याशी पटत नव्हते, तो वेगळा राहू लागला. बाईंना क्षयाची बाधा होऊन गेली होती, मधुमेह होता, झटके येत. आजारी, पैसेवाली, एकटी विधवा आणि घरचा डॉक्टर हाच तिचा सल्लागार, हाच व्यवहार पाहणारा. पेठांतल्या वाड्यांतून अशी नाती सर्रास असत आणि बहुतेक ठिकाणी ती निभावतही. म्हणूनच इतके दिवस कुणाला काही खटकले नसावे.

१२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्री लागू लक्ष्मीबाईंना घेऊन पुण्याहून निघाले. मुंबईच्या एका तज्ज्ञ डॉक्टरांना दाखवायचे, असे कारण होते. रात्री दहाच्या सुमाराची पॅसेंजर, पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी व्हिक्टोरिया टर्मिनसला पोचणारी. गाडी पोचली तेव्हा बाई बेशुद्ध होत्या. टर्मिनसला लागूनच सेंट जॉर्ज रुग्णालय आहे; लागूंनी त्यांना गोकुळदास तेजपाल म्हणजे जी. टी. रुग्णालयात नेले. पावणेसहाला दाखल केल्याची नोंद आहे. रुग्णाचे नाव लागूंनी सांगितले ते लक्ष्मीबाई कर्वे नव्हे. केसपेपरवर उतरले इंदुमती ‘पौनशे’. लग्नाला चौतीस वर्षे झालेली बाई माहेरच्या नावाने, आणि तेही आडनाव मोडून, दाखल झाली. मुंबईच्या रुग्णालयात त्या नावाने शोध घेणाऱ्या पुणेकराला काहीच हाती लागले नसते.

रुग्णालयात लघवीत साखर आढळली. इन्सुलिन दिले गेले. लघवीत ॲसिटोन पाहिले होते का, आणि पाहिले तर केव्हा, यावर पुढे न्यायालयात केवढा तरी खल झाला, त्याकडे येऊच. सकाळी साडेअकराला बाई वारल्या. मानद वैद्यांना शंका होती आणि त्यांनी शवविच्छेदन व्हावे असे सुचवले. पण ती सूचना कागदावर टिकली नाही. त्या पहिल्या दिवशी पेनाच्या एका फटकाऱ्याने जे गेले ते नंतर कुठल्याच यंत्राला परत आणता आले नसते.

लागू पुण्याला परतले. रुग्णालयाने त्यांना तार केली की इंदुमती वारल्या, प्रेत नेण्याची व्यवस्था करा. त्यांनी कळवले की बाईंचा भाऊ येऊन प्रेत ताब्यात घेईल. भाऊ आला नाही. प्रेत जे. जे.च्या शवागारात ठेवले गेले आणि पुढे बेवारस म्हणून वैद्यकीय महाविद्यालयाकडे, विद्यार्थ्यांच्या विच्छेदनासाठी. तिथे मानेवरच्या एका खुणेने संशय आला आणि प्रेत पोलिसांकडे परत गेले. शवविच्छेदन झाले २३ नोव्हेंबरला, म्हणजे मृत्यूनंतर दहा दिवसांनी. त्या खुणेतून काही निष्पन्न झाले नाही. पण ती दिसली नसती तर व्हिसेरा राखलाच गेला नसता.

मग पुण्यात पत्रे येऊ लागली. नातेवाइकांना, ओळखीच्यांना. पत्रांवर सही लक्ष्मीबाईंची. आपण यात्रेला निघालो आहोत, असा एका पत्राचा सूर. नंतर कळवले गेले की आपण कुणा जोशी नावाच्या गृहस्थांशी लग्न केले आहे आणि पुण्याला परत येणार नाही. बाई जी. टी. रुग्णालयात वारून कितीतरी दिवस झाले होते. दरम्यान त्यांचे शेअर, बँकेतले पैसे आणि इतर मालमत्ता बनावट सह्यांच्या आणि आधी घेऊन ठेवलेल्या सह्यांच्या जोरावर लागूंच्या हाती जात होती. नातेवाइकांना आणि परिचितांना संशय आला, तक्रारी गेल्या, १९५८ मध्ये लागूंना अटक झाली. इंदुमती पौनशे आणि लक्ष्मीबाई कर्वे एकच, हे जुळवायलाच एवढा काळ लागला. पुण्याच्या सत्र न्यायालयाने फाशी दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली.

सर्वोच्च न्यायालयात वाद गाडीचा, रुग्णालयाचा किंवा पत्रांचा नव्हता. वाद होता मृत्यूच्या कारणाचा. बाई मधुमेहाने बेशुद्ध होऊन मेल्या असतील तर बाकी सगळा प्रकार चोरीचा, फसवणुकीचा, बनावट दस्तऐवजांचा; खुनाचा नाही. न्या. हिदायतुल्ला यांनी स्वतःसाठी आणि न्या. कपूर यांच्यासाठी बहुमताचा निकाल लिहिला. मधुमेही बेशुद्धीत श्वास खोल आणि धापा टाकल्यासारखा चालतो, शरीर कोरडे पडते, श्वासाला विशिष्ट वास येतो. या लक्षणांची खात्रीची नोंद नाही, म्हणून मृत्यू त्या कारणाने झालेला नाही, अशी त्यांची मांडणी आहे. वैद्यकशास्त्र जाणणारा माणूस हाती न लागणारे विष निवडू शकतो. प्रेत कुणी ओळखू नये याची मृत्यूच्या आधीपासून केलेली तजवीज आणि मृत्यूनंतरची पत्रे पाहता दुसरा अर्थ निघत नाही. मृत्यू विषाने झाला, विष आरोपीजवळ होते आणि देण्याची संधी त्याला होती, या तीन गोष्टी विषाच्या खटल्यात सिद्ध व्हाव्यात असे आधीचे निर्णय सांगत होते. बहुमताने म्हटले की त्या प्रत्यक्ष पुराव्यानेच सिद्ध व्हायला हव्यात असे नाही.

न्या. सरकार यांनी तीच पाने वाचून उलट निष्कर्ष काढला. लागू अप्रामाणिक होते, लोभी होते, हे त्यांनाही मान्य. पण मृत्यू मधुमेहाने आलेल्या बेशुद्धीने झाला असण्याची शक्यता फिर्यादी पक्षाने खोडून काढलेली नाही, आणि ज्याचा मृत्यू नैसर्गिक असू शकतो त्याच्या खुनाबद्दल कुणाला फाशी देता येत नाही. दोन विरुद्ध एक.

बहुमताने आधार म्हणून काढलेल्या जुन्या खटल्यांत एक विल्यम पामरचा आहे. तोही डॉक्टर, इंग्लंडमधल्या रुजलीचा. त्याच्या मित्राच्या प्रेतात स्ट्रिक्नीन सापडले नव्हते. लक्षणांवरून आणि परिस्थितीवरून त्याला १८५६ मध्ये फाशी झाली. लागूंच्या रेल्वेप्रवासाच्या बरोबर शंभर वर्षे आधी. या शंभर वर्षांत विष शोधणाऱ्याची हत्यारे किती बदलली होती? वाटते त्यापेक्षा कमी.

इथे नारायण पेठेकडे पुन्हा वळावे लागते. केसरीची कचेरी ज्या वाड्यात आहे तो मूळचा बडोद्याच्या गायकवाडांचा. लोकमान्यांनी तो १९०५ मध्ये सयाजीराव महाराजांकडून विकत घेतला. सयाजीराव गादीवर आले ते एका विषाच्या प्रकरणामुळेच. ९ नोव्हेंबर १८७४ रोजी बडोद्याचे रेसिडेंट कर्नल फेअर यांनी सकाळचे सरबत दोनतीन घोट घेऊन बाकीचे टाकून दिले. पेल्याच्या तळाशी राहिलेला गाळ रेसिडेन्सीच्या डॉक्टरांनी आणि मग मुंबईच्या रासायनिक विश्लेषकांनी तपासला. सोमल निघाला, आणि त्याबरोबर चमकणारी पूड, जी हिऱ्याची म्हणून खटल्यात गाजली. मुंबईचे ते खाते तेव्हा नवेच होते. विषप्रयोगाचा आरोप सयाजीरावांच्या आधीचे बडोद्याचे महाराज मल्हारराव यांच्यावर आला. चौकशी आयोगात सहा जण होते. तिघा इंग्रजांनी मल्हाररावांना दोषी धरले. शिंदे महाराज, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव यांना आरोप सिद्ध झालेला वाटला नाही. विष पेल्यात होते याबद्दल कुणाचाच वाद नव्हता. तरीही आयोग मधोमध दुभंगला. सरकारने मग एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना गैरकारभाराच्या कारणावरून पदच्युत केले.

सोमल तेव्हाही पकडता येत होता, कारण तो खनिज आहे. शरीर कुजले तरी तो राहतो. खरी अडचण वनस्पतिजन्य विषांची आणि पुढे औषधांची. त्यांच्यासाठी बेल्जियमच्या जाँ स्तास यांनी १८५० च्या सुमारास निकोटिनच्या एका खुनात पद्धत बसवली: अवयव बारीक करून मद्यार्कात भिजवायचे, आम्ल आणि अल्कली यांच्या पाळीने विद्रावकात विष ओढून घ्यायचे आणि शेवटी उरलेल्या लवभर पदार्थावर अभिकर्मकाचे थेंब टाकून रंग पाहायचा. १९५६ च्या प्रयोगशाळेतही विषाच्या तपासणीचा गाभा हाच होता. या पद्धतीची मर्यादा सोपी आहे. ज्या विषाची शंका घेऊन ज्या चाचण्या कराल तेवढ्यांचेच उत्तर मिळते, आणि तेही विष मिलिग्रॅमच्या हिशोबात असेल तर. ‘विष आढळले नाही’ या शब्दांचा अर्थ ‘आम्ही ज्या विषांसाठी पाहिले ती आमच्या चाचण्यांना लागतील एवढी नव्हती’ एवढाच होतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ५१० व्या कलमाने विश्लेषकाला साक्षीला न बोलावताही असा अहवाल पुराव्यात येऊ शकत असे. तपासले काय काय, हे विचारायला समोर माणूसच नसला की ती एक ओळ तिच्या लायकीपेक्षा जास्त बोलू लागते.

योगायोग असा की याच सुमारास अमेरिकेत मिशिगनमधल्या मिडलंड गावी डाऊ केमिकल कंपनीचे रोलंड गोल्के आणि फ्रेड मॅकलॅफर्टी दोन यंत्रे एकमेकांना जोडत होते. वायू वर्णलेखन, म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफी, नुकतीच १९५२ मध्ये आलेली. मास स्पेक्ट्रोमीटर त्याहून जुना. फ्रान्सिस ॲस्टन यांनी १९१९ मध्ये बांधलेल्या यंत्रापासून त्याची परंपरा. १९५५-५६ मध्ये या दोघांनी पहिल्याचे तोंड दुसऱ्याला लावले. गोल्केंचा त्यावरचा लेख प्रसिद्ध झाला १९५९ मध्ये, ज्या वर्षी दिल्लीत लागू खटल्याचा निकाल लागला. पुण्यामुंबईच्या तपासाला त्याचा काडीचाही उपयोग नव्हता, हे उघडच.

यंत्र करते काय? व्हिसेऱ्यातून काढलेल्या अर्काचा अगदी छोटा थेंब तापवून वाफ करतात आणि हेलियमच्या प्रवाहात एका लांब, केसासारख्या बारीक नळीतून नेतात. नळीच्या आतला थर काही रेणूंना जास्त वेळ धरतो, काहींना कमी, त्यामुळे शेकडो पदार्थांचे मिश्रण एकेक करून बाहेर पडते. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकावर निर्वातात इलेक्ट्रॉनांचा मारा होतो. रेणूतला एक इलेक्ट्रॉन उडतो, रेणू विद्युतभारित होतो आणि ठरावीक जागी तुटतो. तुकडे त्यांच्या वस्तुमानाप्रमाणे वेगळे करून मोजले जातात. कोणत्या वजनाचे तुकडे कोणत्या प्रमाणात पडले, याचा आलेख हजारो ज्ञात पदार्थांच्या आलेखांशी ताडून पाहतात. जे पदार्थ तापवले की बिघडतात, बचनागातले ॲकोनिटिन किंवा कण्हेरीतली हृदयविषे, त्यांच्यासाठी द्रव वर्णलेखनाला दोन टप्प्यांचा मास स्पेक्ट्रोमीटर जोडतात: पहिल्या टप्प्यात हव्या त्या वजनाचा अखंड रेणू निवडायचा, तो वायूवर आपटून फोडायचा, दुसऱ्यात त्याचे तुकडे ओळखायचे. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. हिशोब त्या पातळीवर चालतो. मुख्य फरक संवेदनशीलतेचा नाही. रंगाच्या चाचणीला आधी विषाचे नाव सुचवावे लागते. इथे काही न सुचवताही ‘काय काय आहे ते दाखव’ असे विचारता येते.

मग १९५६ मधल्या व्हिसेऱ्याच्या त्या बरण्या आज उघडता आल्या असत्या तर? पहिला मोह विष शोधण्याचा. मला वाटते तिथे फारसे काही हाती आले नसते, आणि कारण रसायनाचे नसून केसपेपरचे आहे. डॉक्टराच्या हातचे, खूण न ठेवणारे विष म्हटले की मनात पहिले येते इन्सुलिन. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डचा परिचारक केनेथ बार्लो याने मे १९५७ मध्ये, म्हणजे लक्ष्मीबाईंच्या मृत्यूनंतर सहा महिन्यांनी, पत्नीला इन्सुलिन टोचून मारले. तिच्या कातडीखालच्या मांसाचा अर्क उंदरांना टोचून, त्यांची साखर उतरते का ते पाहून, ८४ युनिट इन्सुलिन असल्याचे दाखवले गेले. आज हेच काम मास स्पेक्ट्रोमीटर करतो, आणि इन्सुलिन माणसाचे, गायीचे की डुकराचे हेही रेणूच्या वजनावरून सांगतो. पण जी. टी. रुग्णालयाने बाईंना स्वतःच इन्सुलिन दिले होते. प्रेतात ते सापडले असते तर बचावाच्या वकिलाने फक्त केसपेपर पुढे केला असता.

यंत्राचा खरा उपयोग दुसऱ्या प्रश्नाला झाला असता आणि तो प्रश्नच निर्णायक होता. न्यायमूर्ती ज्यावर दुभंगले ते विष नव्हते. ते होते मधुमेही बेशुद्धी. साखर न वापरता आल्याने शरीर चरबी जाळू लागते, तेव्हा रक्तात ॲसिटोन आणि बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट साचतात. त्या काळी ॲसिटोन लघवीत रंगाच्या चाचणीने पाहत. ती केली की नाही, नोंद खरी की मागाहूनची, यावर साक्षीदारांची उलटतपासणी झाली आणि निकालपत्राची पानेच्या पाने गेली. बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट त्या चाचणीला दिसतच नाही. आज ते रक्तात आणि नेत्रगोलाच्या आतल्या पारदर्शक द्रवात याच यंत्राने मोजतात. डोळ्यातला हा द्रव बंद कुपीत असल्यासारखा असतो, कुजण्याची लागण तिथे उशिरा पोचते. त्यात साखर फार जास्त आणि हे पदार्थ भरपूर निघाले तर मधुमेही बेशुद्धी. नाही निघाले तर बहुमताचा तर्क लक्षणांच्या अपुऱ्या नोंदींवरून उचलून एका आकड्यावर ठेवता आला असता. न्या. सरकारांच्या शंकेला उत्तर मिळाले असते, मग ते कुठल्याही बाजूचे असो. विष नव्हे, तर विष नसतानाचे कारण तपासणे हे या प्रकरणात यंत्राचे काम ठरले असते.

यंत्रावर भाबडा विश्वास ठेवायचा नसेल तर फ्लोरिडाचे डॉ. विल्यम सायबर्स यांचे प्रकरण वाचावे. सायबर्स स्वतः सरकारी शवविच्छेदक. १९९१ मध्ये त्यांची पत्नी वारली. स्नायू लुळे पाडणारे सक्सिनिलकोलीन नावाचे औषध शरीरात काही मिनिटांत विरते, म्हणून ते बराच काळ खूण न ठेवणारे मानले जाई. एका खासगी प्रयोगशाळेला मास स्पेक्ट्रोमीटरवर त्याचा विघटित अंश, सक्सिनिलमोनोकोलीन, तिच्या अवयवांत दिसला. २००१ मध्ये सायबर्स दोषी ठरले. पुढे तोच अंश असे औषध कधीच न दिलेल्या प्रेतांतही आढळू लागला. २००३ मध्ये वरच्या न्यायालयाने शिक्षा रद्द केली. नंतर सायबर्स यांनी कमी गंभीर गुन्हा कबूल केला, तो भाग वेगळा. यंत्राने रेणू बरोबर ओळखला होता. तो तिथे कसा आला, हे यंत्राला कुणी विचारले नव्हते आणि विचारले असते तरी सांगता आले नसते.

पुण्यातच, लागू खटल्याच्या उलट अंगाचा, दुसरा खटला आहे. शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य. १२ जून १९८२ च्या सकाळी लग्नाला चार महिने झालेली एक तरुणी घरात मृत आढळली. या वेळी रासायनिक विश्लेषकाला विष सापडले: पोटॅशियम सायनाइड. पुण्याच्या सत्र न्यायालयाने पतीला फाशी दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. १७ जुलै १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याची सुटका केली. सायनाइड त्याच्याजवळ होते याचा पुरावा नाही, आणि तिने बहिणीला व मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रांतले दुःख पाहता आत्महत्येची शक्यता नाकारता येत नाही. याच निकालात न्या. फजल अली यांनी विषाच्या खटल्यासाठी चार गोष्टी सांगितल्या: हेतू, मृत्यू विषानेच झाला हे, विष आरोपीजवळ होते हे, आणि देण्याची संधी. रासायनिक विश्लेषक यांपैकी फक्त दुसरीबद्दल बोलू शकतो. १९८८ मध्ये भूपिंदरसिंग खटल्यात न्यायालयाने लागू निकालाची वाट पुन्हा धरली आणि विष जवळ असल्याचा पुरावा नाही एवढ्यावरून खटला पडत नाही असे म्हटले.

दोन्ही पुणेरी खटले शेजारी ठेवले की पत्रांकडे लक्ष जाते. एकात मेलेल्या बाईच्या नावाने खोटी पत्रे लिहिली गेली आणि त्यांनी लिहिणाऱ्याला फासापर्यंत नेले. दुसऱ्यात बाईने जिवंतपणी लिहिलेली खरी पत्रे आरोपीच्या सुटकेला उपयोगी पडली. बरणीतला अवयव काय बोलला यापेक्षा कागद काय बोलले यावर दोन्हीकडे निकाल फिरला. लागूंबद्दल माझे मत विचाराल तर बहुमत बरोबर होते असे मला वाटते. बाई दाखल होतानाच नाव बदलून सांगणारा माणूस मृत्यू अपेक्षित धरून चालला होता. नैसर्गिक मृत्यू असा वेळापत्रकाने येत नाही. पण न्या. सरकारांची शंका प्रामाणिक होती, आणि ती शिल्लक राहिली याचा दोष न्यायालयाचा नाही. तो जी. टी. रुग्णालयाच्या केसपेपरचा आणि दहा दिवसांच्या विलंबाचा आहे.

महाराष्ट्राची न्यायवैद्यक प्रयोगशाळा १९५८ मध्ये उभी राहिली, म्हणजे लागूंना अटक झाली त्याच वर्षी. आज तिचे मुख्यालय मुंबईत कलिन्याला आहे आणि पुण्याची प्रादेशिक शाखा गणेशखिंडीत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक पथकाने घटनास्थळी जाणे बंधनकारक केले आहे. पण यंत्रासमोर काय येते ते त्याच्या आधी, शवविच्छेदनाच्या टेबलाशी ठरते. आपल्याकडे व्हिसेरा मिठाच्या संपृक्त द्रावणात राखण्याची जुनी रीत आहे. अवयव टिकतात, पण द्रव वर्णलेखनाच्या मास स्पेक्ट्रोमीटरला मीठ मानवत नाही; आधी ते काढावे लागते आणि त्या धुण्यात अल्प प्रमाणातला पदार्थही जाऊ शकतो.

म्हणून शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांना आणि पंचनामा करणाऱ्या फौजदारांना एवढीच विनंती. मधुमेही माणसाचा मृत्यू संशयास्पद वाटला तर मिठाच्या बरणीबरोबर मीठ न घातलेले रक्त आणि दोन्ही डोळ्यांतला द्रव वेगळ्या कुप्यांत, थंड जागी, पहिल्याच दिवशी राखून ठेवा. आणि रुग्णालयाने कोणती औषधे किती वाजता दिली त्याची प्रत व्हिसेऱ्यासोबत प्रयोगशाळेला पाठवा.